एफआयव्ही असलेल्या बोक्याच्या हिरड्या वारंवार सुजतात. सगळे दात काढावेत का?

मंगळवारपेठकर

आमच्या घरी तांबड्या नावाचा बोका आहे. चार वर्षांपूर्वी रंकाळ्याकडच्या एका बोळातून तो आपणहून आमच्या मागे आला. तेव्हा त्याचा एक कान फाटलेला होता आणि मानेवर जुन्या चाव्याची गाठ होती. नसबंदी झाल्यापासून तो घरातच असतो. त्याचे वय सहा-सात वर्षे असावे असा डॉक्टरांचा अंदाज आहे.

गेल्या पाच महिन्यांत त्याच्या तोंडाला असह्य दुर्गंधी येऊ लागली आहे. हिरड्यांच्या कडेला लालभडक रेघ दिसते, लाळ गळून पुढच्या पायांवरचे केस तपकिरी होऊन चिकटतात आणि वजन ४.४ किलोवरून ३.५ किलोवर आले आहे. सर्वांत वाईट वाटते ते त्याचे खाणे पाहताना. तो भुकेने ताटलीपाशी येतो, वास घेतो, एक घास उचलतो आणि ताटलीच आपल्याला चावली अशा थाटात फिस्कारून मागे पळतो. थोड्या वेळाने पुन्हा येऊन दुरूनच ताटलीकडे बघत बसतो.

आतापर्यंत तीन वेळा प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले, त्यांपैकी दोनदा सोबत स्टेरॉइडही होते. इंजेक्शन दिले की आठ-दहा दिवस बोका पूर्वीसारखा खातो, अंगाला जिभेने पाणी लावतो, खिडकीत बसतो. आणि मग पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. मागच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी किटवर रक्ताची तपासणी केली, तेव्हा एफआयव्हीची, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणाऱ्या विषाणूची रेघ उमटली. मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची उमटली नाही. त्यांचे म्हणणे असे, की आता औषधांवर वेळ न घालवता भूल देऊन दात काढावेत, कदाचित सगळेच.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. प्रतिकारशक्ती मुळातच कमी असलेल्या जनावराला भूल द्यायची आणि वर तोंडभर जखमा करायच्या, हे आईला पटत नाही. दात काढल्यावर मांजर जगते तरी का, असा तिचा सरळ प्रश्न आहे. शिवाय तिला स्वतःला मधुमेह आहे आणि तांबड्या तिच्याच पायथ्याशी झोपतो, त्यामुळे त्याच्या तोंडातील जंतूंचा तिला काही धोका आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे. सध्या मऊ म्हणून त्याला अळणी रस्सा आणि कुस्करलेले चिकन देत आहोत.

जनावरांचा डॉक्टर, करवीर

बाकीचे सांगण्याआधी अळणी रस्सा आजच बंद करावा. तिखट नसले तरी आपल्या कोल्हापूरकडच्या अळणीत कांदा, आले-लसणाचे वाटण आणि मीठ असतेच. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि हा परिणाम थोड्या-थोड्या प्रमाणात रोज दिल्यानेही साचत जातो. एफआयव्ही असलेल्या मांजरात रक्त आधीच कमी असू शकते. त्यात ही भर नको. चिकन नुसत्या पाण्यात, मिठाशिवाय शिजवून, मिक्सरमधून काढून, कोमट करून द्यावे. कोमट अन्नाला वास चांगला येतो आणि दुखऱ्या तोंडालाही ते सोसते. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून वेगळेच संकट उभे राहते, म्हणून खाणे थांबले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तांबड्याच्या तोंडात कोणतेही परके, अघोरी जंतू आलेले नाहीत. जे जंतू प्रत्येक मांजराच्या तोंडात असतात तेच त्याच्याही तोंडात आहेत. फरक पहाऱ्यात पडला आहे. निरोगी मांजराची हिरडी दाताला जिथे टेकते तिथे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची खाच असते आणि त्या खाचेवर पांढऱ्या पेशींचा अहोरात्र पहारा असतो. एफआयव्हीचा विषाणू ज्या पेशींवर घाला घालतो त्या म्हणजे या पहारेकऱ्यांना हुकूम देणाऱ्या सीडी-४ पेशी. त्या कमी झाल्या की पहारा ढिला पडतो, आणि गंमत अशी की त्याच वेळी उरलेली प्रतिकारयंत्रणा दिशाहीन होऊन गरजेपेक्षा जास्त दाह निर्माण करते. म्हणून अशा मांजराच्या तोंडात दातांवर कीटण थोडे आणि सूज मात्र प्रचंड, असे विसंगत चित्र पुष्कळदा दिसते.

इंजेक्शनाचा गुण आठ-दहा दिवसांतच का ओसरतो, याचे उत्तरही यातच आहे. प्रतिजैविकाने जंतूंची संख्या तात्पुरती घटते, पण ते ज्या पृष्ठभागावर वसाहत करतात तो दात, त्यावरचे कीटण आणि हिरडीखालची पोकळी जशीच्या तशी राहते. स्टेरॉइडने सूज उतरते आणि बोका खातो, म्हणून आपल्याला औषध लागू पडले असे वाटते. परंतु प्रतिकारशक्ती आधीच खालावलेल्या जनावराला ते वारंवार देणे म्हणजे अपुऱ्या पहाऱ्यातले आणखी शिपाई रजेवर पाठवणे आहे. कधीच देऊ नये असे मी म्हणणार नाही, पण दातांचा बंदोबस्त न करता केवळ त्यावर दिवस काढू नयेत.

एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहू शकता, अर्थात बोका चावणार नाही एवढ्याच बेताने. तो जांभई देईल तेव्हा दातांच्या कडेला न पाहता अगदी मागे, वरचा आणि खालचा जबडा जिथे मिळतो त्या कोपऱ्यात पाहावे. तिथे कच्च्या मांसासारखा लाल, खडबडीत उठाव दिसत असेल तर हा साधा हिरड्यांचा आजार नाही, त्याला स्टोमॅटायटिस म्हणतात. साध्या हिरडीदाहात दात साफ करून आणि हलणारे दात काढून भागते. स्टोमॅटायटिसमध्ये दाढा आणि उपदाढा सगळ्या, आणि प्रसंगी सुळे व पुढचे दातही काढावे लागतात. सूज एकाच बाजूला असेल, गाठीसारखी असेल, तर मात्र तुकडा तपासायला पाठवावा, कारण म्हाताऱ्या मांजरात तोंडाचा कर्करोगही असाच सुरू होतो.

भुलेबद्दल सांगायचे तर एफआयव्हीची रेघ उमटली एवढ्यावरून भूल नाकारण्याचे कारण नाही. आधी रक्तातील पेशींची मोजणी, मूत्रपिंडाची आणि यकृताची तपासणी करावी. मूत्रपिंड पाहणे विशेष गरजेचे, कारण ते निकामी होत असले तरीही तोंडात व्रण पडतात आणि दुर्गंधी येते.

सूक्ष्मजीवशास्त्राचा मास्तर

वरील प्रतिसादाला माझ्या विषयातील थोडी पुस्ती जोडतो. दातावर जंतूंचा जो थर बसतो तो सुट्या जंतूंचा ढीग नसतो, ते स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात एकमेकांना धरून राहतात. तळ्याकाठच्या दगडावरची बुळबुळीत शेवाळी बोटाने खरवडल्याशिवाय निघत नाही, नुसते पाणी ओतून जात नाही, तसाच हा प्रकार आहे. रक्तातून आलेले प्रतिजैविक या थराच्या आतपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. थर ताजा असताना ब्रशने निघतो. काही दिवसांतच लाळेतले क्षार त्यात बसून त्याचे कीटण होते आणि मग ते उपकरणाशिवाय सुटत नाही.

या थरात सुरुवातीला प्राणवायूवर जगणारे जंतू असतात. ते प्राणवायू संपवतात आणि खोल हिरडीखाली प्राणवायू नको असलेल्यांची सोय करून देतात. मांजरांमध्ये त्यांपैकी महत्त्वाचा म्हणजे पॉर्फिरोमोनास गुले, जो माणसाच्या हिरड्या नासवणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसचा जवळचा भाऊबंद आहे. सोबत ट्रेपोनेमा आणि फ्युसोबॅक्टेरियम कुळातले जंतूही असतात. प्रथिने कुजवताना ते गंधकाची संयुगे सोडतात. तुम्हाला येणारी दुर्गंधी ती हीच. स्टोमॅटायटिसमध्ये पाश्चुरेला मल्टोसिडा जास्त प्रमाणात सापडतो, आणि अनेक मांजरांच्या तोंडात कॅलिसिव्हायरसही असतो. तो मांजरांच्या सर्दीचा विषाणू आहे.

यावरून कोणी सुचवेल की तोंडातून स्वॅब घेऊन कल्चर करावे. माझ्या मते पैसे वाया जातील. तोंड ही मुळात जंतूंनी भरलेली जागा आहे. प्रयोगशाळेत जे सहज वाढते ते अहवालात येते आणि हिरडीखालचे नाजूक, प्राणवायूला घाबरणारे जंतू हवेच्या संपर्कातच मरून जातात. त्या अहवालावरून औषध निवडणे म्हणजे सभेला आलेल्यांवरून गावाची शिरगणती करणे.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. मांजराच्या दाताला माणसासारखी कीड जवळपास लागतच नाही. हिरडीपाशी दातात खड्डा दिसला तर तो कीड नसून दात विरघळण्याचा वेगळा आजार असतो, आणि तो फार ठणकतो.

शाहूपुरीचा जुना वाचक

मला हे सगळे फार टोकाचे वाटते. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मांजरे आहेत, कोणाचेही दात काढले नाहीत. तुरटीच्या पाण्याने तोंड धुवावे, हळद आणि लवंगेचे तेल कापसाने हिरडीला लावावे. मुके जनावर आहे, त्याला शस्त्रक्रियेच्या यातना कशाला?

जनावरांचा डॉक्टर, करवीर

आपला हेतू चांगला आहे, पण लवंगेचे तेल मांजराला कृपया लावू नये. त्यातील युजेनॉल या द्रव्याचा निचरा माणसाचे यकृत सहज करते. मांजराच्या यकृतात ते काम करणारी यंत्रणा फारच तोकडी असते. नेमक्या याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाची टूथपेस्टही नको, कारण मांजर चूळ भरू शकत नाही, सगळे गिळते. हळदीने अपाय होईल असे नाही, पण ती हिरडीखाली पोहोचत नाही. आणि यातनांचेच म्हणाल, तर ताटलीपासून फिस्कारून पळणारा बोका आज त्या भोगतोच आहे.

राजारामपुरीची मांजरवाली

आमच्या भाटीचे सगळे दात दोन वर्षांपूर्वी काढले. तिलाही एफआयव्ही आहे. तुमच्या आईंची भीती मला चांगली ठाऊक आहे, कारण मीही महिनाभर याच विचाराने तारीख पुढे ढकलत होते, आणि त्या महिन्यात तिचे आणखी तीनशे ग्रॅम वजन गेले.

इथल्या आमच्या डॉक्टरांकडे दातांचा एक्स-रे नव्हता, म्हणून त्यांनीच आम्हाला पुण्याला पाठवले. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याआधी एका ठिकाणी घाईघाईने चार दाढा काढल्या होत्या आणि दोन मुळांचे तुकडे आतच राहिले होते. वरून हिरडी भरून आली होती, पण आत दाह धुमसतच होता. एक्स-रेमध्ये ती मुळे तांदळाच्या कणीएवढी स्वच्छ दिसली. तेव्हा तुम्ही कोठेही गेलात तरी, काढण्यापूर्वी आणि काढल्यावर एक्स-रे होणार आहे का, हा प्रश्न आवर्जून विचारा. भूल न देता नुसते वरवर खरवडून दात चकचकीत करून देणारे लोकही भेटतात. त्याने हिरडीखालचे काहीच निघत नाही.

मांजराला तीस दात असतात. आमच्या भाटीचे आधीच सात गेलेले होते, उरलेले तेवीस काढायला जवळजवळ तीन तास लागले. श्वासनलिकेत नळी घातली होती, म्हणजे पाणी आणि रक्त फुप्फुसात जात नाही. जबड्याच्या नसा बधिर करणारे इंजेक्शन वेगळे दिले होते, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर ती रडली नाही. टाके आपोआप विरघळणारे होते. कोल्हापूरला परत येईपर्यंत, कराडच्या पुढे, तिने पिंजऱ्यातून पंजा बाहेर काढून माझी बाही ओढायला सुरुवात केली. भूक लागली होती. रात्री चमचाभर पातळ चिकन तिने चाटून संपवले.

पण सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पहिला आठवडा ती पलंगाखालून बाहेर आली नाही. क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाची कॅप्सूल दिल्यावर पाणी पाजायला सांगितले होते, कारण कोरडी कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. त्यासाठी सुई काढलेल्या सिरिंजने ओठाच्या कोपऱ्यातून पाच मिली पाणी हळूहळू सोडायचे, आणि त्यातले निम्मे माझ्याच अंगावर यायचे. घशाजवळची लाली पूर्ण जायला चार महिने लागले. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की स्टोमॅटायटिसमध्ये साधारण तीनपैकी दोन मांजरे या शस्त्रक्रियेने पूर्ण बरी होतात किंवा त्यांना पुष्कळ आराम पडतो, बाकीच्यांना पुढेही औषध चालू ठेवावे लागते. आमची दैवाने पहिल्या गटातली निघाली.

खाण्याचे म्हणाल तर तोंडाचे बोळके झालेली आमची भाटी आज कोरडे दाणेसुद्धा खाते. मांजर मुळात चावून खाणारे जनावर नाही; दाणा जिभेने ओढायचा आणि गिळायचा. लक्ष्मीपुरीतून आणलेली मासळी मात्र आता काटे काढून द्यावी लागते, हा आमच्या कामात झालेला एवढाच बदल.

मंगळवारपेठकर

सर्वांचे आभार. अळणी त्याच दिवशी बंद केली. काल सकाळी तांबड्याने उन्हात जांभई दिली तेव्हा बहिणीने मोबाइलवर छायाचित्र काढले. डॉक्टर म्हणतात तसाच दोन्ही कोपऱ्यांत लाल उठाव आहे, अगदी डाळिंबाच्या दाण्यांसारखा. दोन शंका अजून राहिल्या आहेत. समोरच्या घरातील मांजर अधूनमधून आमच्या गच्चीवर येते, तिला एफआयव्ही होईल का? आणि आईच्या मधुमेहाबद्दल कोणी सांगितले तर बरे होईल.

जनावरांचा डॉक्टर, करवीर

छायाचित्रात उठाव दिसत असेल तर तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे.

एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून, लाळेवाटे पसरतो. म्हणून तो भांडखोर, नसबंदी न झालेल्या बोक्यांत जास्त आढळतो, आणि तुमच्या तांबड्याचा फाटका कान व मानेवरची गाठ ही बहुधा त्याच काळाची खूण आहे. एका ताटलीत खाण्याने किंवा एकमेकांना चाटण्याने तो सहसा लागत नाही, तरीही त्याला गच्चीवर सोडू नये, कारण भांडण झाले तर शेजारच्या मांजरीला विषाणू मिळेल आणि तुमच्या बोक्याला तिच्या तोंडातले जंतू. माणसाला हा विषाणू लागत नाही. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका मांजरघरात तो प्रथम सापडला आणि माणसाच्या एचआयव्हीच्याच कुळातला निघाला, त्यामुळे नावाने लोक घाबरतात. घरात नीट सांभाळलेली अशी मांजरे अनेक वर्षे चांगली जगतात.

माणसांची डॉक्टर, कसबा बावडा

आईंबद्दल मी सांगते. बोका पायथ्याशी झोपल्याने त्यांना काही होणार नाही. त्याने चावू नये, खोल ओरखडू नये आणि त्यांच्या अंगावरची उघडी जखम चाटू नये, विशेषतः पायाची, कारण मधुमेहात पायाची जखम पुष्कळदा दुखत नाही आणि लक्षातच येत नाही. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक असतो. जखम वरून मिटते आणि पाश्चुरेला आत राहतो. चावलेली जागा पहिल्या दिवसातच लाल, गरम होऊन ठणकू लागते, आणि मधुमेही व्यक्तीत हे वेगाने पसरते. म्हणून सुजण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरातली उरलेली प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ओरखड्यातून बार्टोनेला नावाचा जंतू जातो, तो पिसवांच्या विष्ठेतून मांजराच्या नखांवर येतो, तेव्हा पिसवांचे औषध वेळेवर लावणे हा आईंच्याही आरोग्याचाच भाग समजावा.

आणि चावा मांजराचा असला तरी रेबीज विसरू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लशीसाठी लगेच जावे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात ती मिळते. बोक्याची स्वतःची रेबीज लस चालू आहे ना, तेही पाहावे. तोंड दुखणारे शांत मांजरही चावते, म्हणून औषध पाजण्याचे काम आईंकडे देऊ नये.

मंगळवारपेठकर

रक्ताचे अहवाल आज आले. मूत्रपिंडासाठी पाहिलेले क्रिएटिनिन ठीक आहे, हिमोग्लोबिन किंचित कमी आहे, पांढऱ्या पेशी कमी असल्या तरी भूल देण्याइतपत आहेत असे डॉक्टरांनी सांगितले. एक्स-रेची सोय असलेल्या ठिकाणी येत्या गुरुवारची सकाळ ठरली आहे. आधी दाढा आणि उपदाढा काढणार, आणि सुळ्यांचे एक्स-रे पाहून तिथल्या तिथे ठरवणार. वेदनाशामक म्हणून ब्युप्रेनॉर्फिन देणार आहेत.

आई शेवटी तयार झाली ती राजारामपुरीच्या ताईंचे काट्यांचे वाक्य वाचून. "काटे काढून द्यायचेच असतील तर ते मी देईन," एवढेच म्हणाली. औषध पाजण्याची पाळी मात्र माझी आणि बहिणीची लावली आहे. बुधवारी रात्रीपासून त्याला किती तास उपाशी ठेवायचे, हे विचारायचे राहिले आहे. ते उद्या फोन करून विचारतो.